वाडा, पंचनामा आणि आपली सही

जुन्या वाड्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, ‘काय तो थाट होता!’ आणि दुसरा, ‘पाडून टाका एकदाचा, कोण झाडणार एवढं?’ दुसरा सूर बहुतेक वेळा बाईचा असतो आणि त्यात तिचं काही चुकतं असंही नाही. चौक झाडायचा, जमीन सारवायची, पावसात गळक्या जागी पातेली मांडायची, वाळवीवर डोळा ठेवायचा, हे सगळं आपल्याच वाट्याला. पण मैत्रिणींनो, थाट आणि कटकट यापलीकडेही वाड्याचा विचार करता येतो. त्यासाठी पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचं उदाहरण फार बोलकं आहे.

तुळशीबागेत खरेदीला गेलेल्या कितीतरी जणी या वाड्यासमोरून पिशव्या सावरत गेल्या असतील. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. खर्च आला दोन लाखांच्या घरात. दर्शनी भागात लाकडी सज्जा, त्यावर कोरीव नक्षी, आत चौक आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते घडवलेले खांब. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि मालक पुणं सोडून गेले. एवढ्या मोठ्या वास्तूचं तेव्हाच काहीही होऊ शकलं असतं.

झालं ते वेगळंच. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज नावारूपाला आलं, त्याचं मूळ ते हेच. १८७९ मध्ये वाड्याला आग लागली आणि मोठा भाग जळाला. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, पालिकेने भर घातली आणि वाडा पुन्हा उभा केला. नंतर बरीच वर्षं पालिकेचा कारभार तिथूनच चालला.

आता शेजारचा शनिवारवाडा आठवा. १७३० मध्ये पायाभरणी झालेली केवढी मातब्बर वास्तू! १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं. उरले तट, दरवाजे आणि जोती. तो नुसता बघायला उरला. विश्रामबाग वाडा मात्र वापरात राहिला, म्हणून टिकला. वास्तू कौतुकाने टिकत नाही, कुणाला तरी तिची रोज गरज लागावी लागते.

हे सगळं शिरोळला बसून का सांगतेय? तर आपला तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २००५, २०१९, २०२१, महापुराने आपल्याला सोडलं नाही. पाणी ओसरलं की पंचनामे होतात, ‘भिंती पडल्या, घर गेलं’ असं आपणच म्हणतो आणि मागोमाग जुनं लाकूड घेणारा व्यापारी दारात हजर. पण जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरात छताचा भार भिंतींवर नसतो, तो खांब आणि तुळयांवर असतो. खांब दगडी तळखड्यावर उभा, तुळई त्यावर खाचेत बसवलेली. मातीची भिंत ही मधली भरणी. ती पुराच्या पाण्यात विरघळली, तरी सांगाडा शाबूत असेल तर घर उभंच आहे. अर्थात लाकूड किती दिवस भिजलं, तळाशी कुजलंय का, सांधे सुटलेत का, हे जाणत्या सुताराने बघायला हवं. धोका असेल तर उतरवायलाच हवं, जिवापेक्षा वाडा मोठा नाही. पण सुताराच्या आधी व्यापारी बोलावणं, हे काही शहाणपणाचं नव्हे.

आणि इथेच आपला संबंध येतो. वाडा विकायचा की पाडायचा, हे ओसरीवर पुरुषमंडळी ठरवतात. आपल्याला बोलावणं येतं ते चहा करायला, नाहीतर हक्कसोडपत्रावर सही करायला. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी ‘भावाशी कशाला वाईटपणा’ म्हणून कितीजणी कागद न वाचता सही करतात! माहेर तुटू नये ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. पण चार प्रश्न विचारले म्हणून माहेर तुटत असेल, तर ते सहीने तरी किती दिवस टिकणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सही करायच्या आधी विचारा: सुताराने घर बघितलंय का? लाकडाची किंमत कुणी ठरवली? सगळा नाही, तर सोपा आणि पुढचे दोन खण ठेवता येतील का? तिथे शिवणवर्ग, पाळणाघर, बचत गटाची बैठक, मुलांची अभ्यासिका, काहीतरी रोज चालेल का? काहीच जमत नसेल तर निदान पाडण्याआधी फोटो काढा, मापं लिहून ठेवा, कुठली खोली कशासाठी होती ते घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून ऐकून घ्या. माजघर आणि बाळंतिणीची खोली कागदपत्रांत सापडत नाही, ती तिलाच ठाऊक असते.

एवढं झाल्यावर सही करायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. नव्हे, जिचं तिने.