"दोन फटके द्या" संप्रदाय

दत्तक घेतलेल्या कुत्र्याबद्दल सल्ला द्यायला आपल्याकडे कसलीही पात्रता लागत नाही. लिफ्टमध्ये भेटलेले काका, इस्त्रीवाला, ऑफिसात चहाच्या टेबलावरचा सहकारी, सगळेच तज्ज्ञ. आणि सल्ला एकच. "दोन फटके द्या, मालक कोण ते कळू दे त्याला!" हल्ली या सल्ल्याला जरा मुलामा चढलाय. तासाचे पैसे घेणारा ट्रेनर तीच गोष्ट "तुम्ही अल्फा व्हा" अशी सांगतो, आणि मग ती एकदम शास्त्रीय वाटायला लागते. माझा या अख्ख्या संप्रदायावर राग आहे. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा तो राग सविस्तर काढतो.

आधी नेमकं होतं काय ते बघू. आठ-नऊ महिन्यांचं गावठी कुत्रं एखाद्या संस्थेकडून घरी येतं. पहिला आठवडा ते कोपऱ्यात अंग चोरून बसतं. सगळे खूश, "किती गुणी आहे हो!" गुणीबिणी काही नसतं, घाबरलेलं असतं बिचारं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भीड चेपते आणि खरा प्राणी बाहेर येतो. पाहुण्यांच्या छातीवर उड्या, ओढणी धरून ओढणं, पळणाऱ्या पोराच्या चड्डीला लोंबकळणं, संध्याकाळी सात वाजता घरभर सुसाट धावणं आणि कुरवाळायला गेलेल्या हातावर दात. रक्त बहुधा येत नाही, पण ओरखडे उठतात आणि दुखतं. मग संप्रदाय कामाला लागतो. चपला, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, नाकावर टिचकी, उताणं पाडून दाबून धरणं. कुत्रं आणखी चेकाळतं किंवा खरोखर चावतं. आणि महिन्याभरात निकाल लागतो, "चावरं निघालं, परत देऊन टाकू."

आमच्याच सोसायटीत मागच्या वर्षी एक कुत्रं असं एकविसाव्या दिवशी परत गेलं. एकवीस दिवस! एवढ्या वेळात आपण नवीन ऑफिसात संडास कुठल्या मजल्यावर आहे हे धड शिकत नाही. "चावरं" असा शिक्का घेऊन परत गेलेल्या अर्धवट वयाच्या गावठी कुत्र्याला दुसरं घर मिळणं किती अवघड असतं, हे ही कामं करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे "दोन फटके" हा काही निरुपद्रवी सल्ला नाही. त्याची किंमत कुत्रं भरतं, बहुतेक वेळा उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात नाहीतर रस्त्यावर काढून.

आता या "अल्फा"ची जन्मकुंडली बघू. १९४७ मध्ये रूडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे वर्चस्वासाठी भांडत होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे ही "अल्फा"ची कल्पना घराघरात पोचली. गंमत पुढेच आहे. याच मेक यांनी नंतर कॅनडाच्या उत्तरेला एल्झमिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये शोधनिबंध लिहून सांगितलं की बाबांनो, नैसर्गिक कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. "अल्फा" नर म्हणजे फक्त पोरांचा बाप. लढून गादी मिळवलेला सरदार वगैरे काही नाही. ज्याने कल्पना लोकप्रिय केली त्यानेच ती खोडली, पण आमचे ट्रेनर अजून १९७० मध्येच अडकलेत.

उताणं पाडून दाबण्याचीही तीच कथा. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी १९७८ च्या पुस्तकातून हा प्रकार लोकप्रिय केला आणि २००२ च्या आवृत्तीत तो सल्ला स्वतःच मागे घेतला. २००९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १४० कुत्रेमालकांना, तुम्ही काय उपाय केले आणि कुत्र्याने काय केलं, असं विचारलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांच्या, आणि ज्यांनी उताणं दाबलं त्यांच्यातल्या ३१ टक्के लोकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमकपणा केला. हे वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेले लोक होते, सरसकट सगळे नव्हेत, हे मान्य. पण ज्याचं कुत्रं आधीच दात लावतंय तो नेमका याच गटात बसतो ना!

मग कुत्रं असं वागतं का? कारण ते वयात आलंय. एवढं साधं आहे. २०२० मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आठ महिन्यांचं कुत्रं "बस" ही आज्ञा आपल्या माणसाकडून पाच महिन्यांचं असतानापेक्षा कमी ऐकतं, पण परक्या माणसाचं मात्र ऐकतं! ज्यांच्या घरी नववीतलं पोर आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको :) साधारण वर्षाच्या पुढे गाडी परत रुळावर येते. म्हणजे ज्या काळात लोक कुत्रं परत देतात, तो काळ आपोआप सरणारा असतो. त्यात नवं घर, नवे आवाज आणि हाताशी असलेलं एकमेव हत्यार म्हणजे बेचाळीस दात. (दुधाचे दात तोवर पडून गेलेले असतात, तेव्हा "दात येताहेत म्हणून चावतो" ही सबब या वयात चालत नाही.)

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो, लेकरू आहे, खेळतंय, खेळू दे!" थांबा. तुमच्यावरही माझा राग आहेच. वीस किलोचं कुत्रं आजींच्या अंगावर उडी मारतं तेव्हा आजींचं खुब्याचं हाड मोडू शकतं. "खेळतंय" म्हणून सोडून देणं आणि चपलेने मारणं या दोन्हींत कुत्र्याला काहीच शिकवलं जात नाही. फटक्याने फार तर "काय करू नको" हे कळतं. "मग काय करू" हे कोण सांगणार?

तर करायचं काय? आठ दिवस एका वहीत लिहून काढा. दात कधी लावले, त्याआधी काय झालं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. प्रोग्रॅम गडबडला तर आपण आधी लॉग बघतो, कॉम्प्युटरला थोबाडीत मारत नाही. वहीत बहुधा दोन-तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील. संध्याकाळची वेळ, पळणारी मुलं, हाताने केलेली मस्ती.

मग पुढचं:

१. दात लागले की खेळ खलास. ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही. आरडाओरडा म्हणजे त्याच्या लेखी तुम्हीही खेळात आलात. गप्प उठायचं, दाराआड जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. पुन्हा लावले, पुन्हा जायचं. पहिले काही दिवस प्रकार वाढेल, कारण कालपर्यंत चालणारी युक्ती आज का चालत नाही हे ते जोर लावून तपासणार. बहुतेक लोक नेमके इथेच कंटाळतात.

२. नियम घरातल्या सगळ्यांना एकच. बाबा हाताने मस्ती करणार आणि आई त्याबद्दल रागावणार, असल्या घरात कुत्रं काय, माणूसही वेडा होईल.

३. तोंडाला दुसरं काम द्या. दोरीचं खेळणं, रबरी खेळणं, गाजर. जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे गुंडाळून दिले तरी अर्धा तास शांतता. शिजवलेली हाडं मात्र नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

४. उडी मारली तर पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर असले की कौतुक. पाहुणे येण्याआधी पट्टा लावा.

५. झोप! मोठं कुत्रंही दिवसातले बारा-चौदा तास झोपतं. संध्याकाळचं वेड पुष्कळदा दमलेल्या पोराची किरकिर असते. आणि सकाळी फिरवताना फरफटत नेऊ नका, वास घेऊ द्या. त्याचं वर्तमानपत्र तेच आहे.

६. लहान मूल आणि कुत्रं यांना एकट्याने एका खोलीत सोडायचं नाही. याला अपवाद नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. अंग ताठ करून, नजर रोखून, ताटलीवर किंवा झोपेतून उठवल्यावर गुरगुरणं हा मस्तीचा भाग नाही. तिथे पशुवैद्य आणि वागणुकीचा जाणकार गाठा. कान दुखत असेल, गोचिडाचा ताप असेल, तरी कुत्रं चावतं. आणि गुरगुरण्याबद्दल कधीही मारू नका. ती धोक्याची घंटा आहे. घंटा काढून टाकलीत तर पुढच्या वेळी थेट चावा येईल. कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण झालेलंच हवं, आणि दातांनी कातडी फुटली तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरकडे जायचं. "आपलंच कुत्रं आहे" म्हणून हळद लावून बसायचं नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, "आमच्या गावाकडे वाड्यावरची कुत्री दगड खात वाढली, त्यांना काय झालं?" अहो, ती कुत्री दिवसभर मोकळी होती. मन भरलं की निघून जात होती. तुमचं कुत्रं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आहे, ते कुठे जाणार? आणि गावठी कुत्र्याला म्हणे मायेची भाषा कळत नाही. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्र आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच प्रयोग केले. अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा भेट झाली तेव्हा खाऊपेक्षा डोक्यावरून फिरवलेल्या हाताने त्यांचा विश्वास जास्त बसला. तोच हात आपण फटक्यासाठी उगारायचा?

राहता राहिलं "बांधून ठेवा, आपोआप सुधारेल". १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारणं हा गुन्हा आहेच, पण कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. एका वडापाव-चहाच्या भावात कुत्र्याची हाडं मोकळी करायची सोय आहे म्हणा ना. तेव्हा कायदा तुम्हाला अडवेल या भ्रमात मी नाही.

पण तुम्ही फॉर्मवर सही करून त्याला घरी आणलंत. त्याने सही केली नव्हती. निदान वर्षभर तरी कळ काढा. ते जमणार नसेल तर सरळ मासे पाळा.