घडीचा कंदील

ऑक्टोबर उजाडला की आमच्या ऑफिसात मेलबॉक्सपेक्षा कॅलेंडर जास्त वेळा उघडलं जातं. कुठली सुट्टी कुठल्या शनिवारला जोडायची, दिवाळीत गोवा की घर, ‘एथ्निक डे’ला नऊवारी की नुसता कुर्ता... अशा गहन विषयांवर लंच टाइमात परिसंवाद झडतात. मीही त्यातलीच. पण गेल्या वर्षी आतेबहिणीचा फोन आला आणि माझ्या दोन कॅज्युअल लीव्ह भलत्याच ठिकाणी खर्ची पडल्या.

ताई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बालाघाटच्या डोंगरातली एक वस्ती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पटावर १९ पोरं. आमच्या ऑफिसातली कॉफी मशीनची रांग याहून मोठी असते!

“दसऱ्याच्या आधी ये,” ताई म्हणाली. “भोंडला आहे, पाटीपूजन आहे, दिवाळी आहे.”

“दसऱ्याच्या आधी दिवाळी?”

“आमच्या शाळेत असते. आणि येताना घोटीव कागद आण. रंगीत, पन्नासेक.”

प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. कागदांची गुंडाळी घेऊन मी एसटीत बसले.

तर मंडळी, मल्टिटास्किंग या शब्दाचा माझा गैरसमज त्या वर्गात दूर झाला. खोली एक, फळा एक, मधोमध खडूची उभी रेघ. रेघेच्या डावीकडे पहिलीची बाराखडी, उजवीकडे दुसरीची वजाबाकी. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. तिथले सर मुख्याध्यापकही तेच असल्याने मोबाइलवर कसली तरी माहिती भरत होते. (अर्जंट रिपोर्ट सगळीकडे अर्जंटच असतो, हे बघून बरं वाटलं.) सर माहितीत अडकले की चारही इयत्ता ताईकडे. मग चौथीवाले पहिलीला शिकवतात, तिसरीवाले दुसरीची वजाबाकी तपासतात. आवाज मात्र सगळेच करतात.

खिडकीत करवंट्या ओळीने मांडलेल्या. घटस्थापनेला घरोघरी धान्य पेरतात, त्याच दिवशी पोरांनी यातही गहू-ज्वारी पेरली होती. पहिलीने कोंब मोजायचे, तिसरीने पट्टी लावून उंची लिहायची. एका करवंटीत काहीच उगवलं नव्हतं. तिचा मालक म्हणाला, “म्याडम, माझं बी झोपलंय.”

मधल्या सुट्टीत खिचडी. पोरं माझ्याभोवती गोळा झाली. मी पुण्याची म्हटल्यावर दुसरीतल्या एकाने विचारलं, “तुमच्याकडं कोन्ता कारखाना हाय?”

मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, कारखाने खूप आहेत, गाड्यांचे वगैरे. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. “उसाचा वो!”

आणि मग एकेकाने आपापला नकाशा उलगडला. कुणी सांगलीकडचा कारखाना पाहिलेला, कुणी कोल्हापूरकडचा. एकजण छाती काढून म्हणाला, “म्या तर कर्नाटकबी बघितलंय.” आठ वर्षांची पोरं, आणि माझ्यापेक्षा जास्त फिरलेली. फक्त ते फिरणं सुट्टीतलं नव्हतं.

इथे ताईच्या उलट्या कॅलेंडरचा उलगडा झाला. या भागातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. कुणी दसरा करून निघतं, कुणी दिवाळी करून. परत येतात ते थेट मार्च-एप्रिलमध्ये. जाताना भांडी, शेळ्या आणि पोरंही गाडीत. म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये सहामाहीची परीक्षा संपते, तेव्हा इथे वर्गच संपायला लागतो.

“दिवाळीपर्यंत थांबले तर निम्मे नसतील,” ताई म्हणाली. “म्हणून सगळे सण आधी उरकून घेते.”

१९चा आकडाही साधा नाही. २०२३मध्ये २०पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार शिक्षण विभागाने मांडला, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर निघाल्या होत्या. कागदावर त्या ‘कमी पटाच्या’. इथल्या पहिलीतल्या पोरीसाठी मात्र ती चालत जाता येईल अशी एकमेव शाळा.

दुपारी भोंडला. पाटावर खडूने हत्ती काढला. सूर्य हस्त नक्षत्रात असतो तेव्हाचा हा खेळ, म्हणून हत्ती आणि म्हणून काही ठिकाणी नावच हादगा. पोरगेही फेरात घुसले. खिरापत ओळखायच्या वेळी मी ‘पास्ता’ म्हणाले आणि सगळे पोट धरून हसले. डब्यातून निघाले गूळ-शेंगदाणे.

फेर धरवत होती चौथीतली एक मुलगी. तिचं खरं नाव नको, आपण तिला मॉनिटर म्हणू. कारण ती होतीच. रांग लाव, पाणी भर, पहिलीवाल्याचं नाक पूस, सगळं तीच. तिचा धाकटा भाऊ म्हणजे तो ‘कर्नाटकबी बघितलंय’वाला. घरी आणखी एक दीड वर्षाचं बाळ. आईबाप फडात उतरले की बाळाला कोण सांभाळणार? म्हणून मॉनिटर यंदा जाणार, असं घरात ठरलेलं. वाचायला पक्की, पाढे पाठ, आणि चौथीचं अर्धं वर्ष उसाच्या फडात!

दुसऱ्या दिवशी पाटीपूजन. एकाचे आकडे मांडून काढायची सरस्वती सगळ्यांनी काढली. आणि मग माझे घोटीव कागद बाहेर आले. मला वाटलं, आता चांदणी किंवा षटकोनी कंदील. तर ताईने चुण्या घालायला शिकवल्या. एक घडी आत, एक घडी बाहेर, वर-खाली पुठ्ठ्याच्या चकत्या. ओढला की कंदील, दाबला की चपटा. दप्तरात मावेल एवढा.

“मागं चांदणी केली होती,” ताई हळू आवाजात म्हणाली. “गाडीत सामानाखाली चेपली. पोरगं रडत गेलं.”

कारखान्यावर हे लोक कोप्यांत राहतात, म्हणजे बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत. दिवाळीत कंदील तिथे लागणार होते. मी गप्प बसून चुण्या घालत राहिले. माझा कंदील वाकडा झाला. मॉनिटरने तो उलगडून पुन्हा घालून दिला.

संध्याकाळी ताईबरोबर मॉनिटरच्या घरी गेले. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होते. आजी ठेवून घ्यायला तयार होती, पण तिचे गुडघे गेलेले. “दोन टायमाचं बघता का, सांगा,” तिने रोखठोक विचारलं. मंजुरी अजून आलेली नव्हती. ताई म्हणाली, “येईपर्यंत मी बघते.” आई मात्र गप्प. बाळाला थोपटत ती एवढंच म्हणाली, “म्याडम, फडात ह्याला कुठं ठिवू?”

ताईकडे त्याचं उत्तर नव्हतं. ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे, हे मलाही माहीत होतं. पण त्या ओट्यावर बसून ते वाक्य म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मोठीने शिकायचं तर दीड वर्षाच्या भावाला कोण बघणार, हा हिशेब त्या बाईनेच करायचा होता. आम्ही चहा प्यालो. चहा गोड होता, फार गोड.

परतीच्या एसटीत ताईचा डबा आणि माझा वाकडा कंदील. सोमवारी ऑफिसात मशीनजवळ साखरेची पुडी फाडताना हात जरा थबकला. मग कॉफीत ओतलीच. खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. १९पैकी वर्गात ११. आठजण गेले. जाताना प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड दिलंय. त्यावर कितवीत आहे, काय काय येतं हे लिहिलेलं असतं. कार्ड दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. निदान बसता यावं. भावाचं कार्ड मॉनिटरने स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या दप्तरात ठेवलं.

“म्हणजे ती राहिली?” मी जवळजवळ ओरडलेच. पलीकडच्या क्युबिकलमधून दोन डोकी वर आली.

“राहिली. त्यांच्याच टोळीत तिची आत्या गेलीय, सहा महिन्यांची पोटुशी. ती कोपीवर थांबून बाळाला बघते. म्हणजे त्यांचा कोयता यंदा अर्धाच.” ताई थोडं थांबली. “उचल कशी फिटणार, ते तेच जाणोत.”

वसतिगृहाची मंजुरी? “येईल,” ताई म्हणाली. तिच्या आवाजावरून ओळखलं की सध्या डबा तिच्याच घरून जातोय.

रात्री तिने एक फोटो पाठवला. टोळीतल्या कुणाच्या तरी फोनवर काढलेला, हललेला. ताडपत्रीची कोपी, दाराच्या बांबूला लाल घोटीव कागदाचा कंदील, आत मिणमिणता बल्ब. खाली ‘कर्नाटकबी बघितलंय’ ऐटीत उभा. कंदिलाच्या एका बाजूच्या चुण्या उलट्या पडल्या होत्या. म्हणजे त्याचा त्यानेच केलेला.

यंदा ऑक्टोबरचं कॅलेंडर उघडलं तेव्हा ताईचा मेसेज आधीच येऊन पडला होता : घोटीव कागद, या वेळी शंभर. मी लीव्ह टाकली आहे. रिझनच्या रकान्यात लिहिलंय, ‘दिवाळी’. बॉसने विचारलं, “अगं, अजून दसरा व्हायचाय ना?”