परसांतलें तळें आणि त्याचा सांडवा

गेल्या दोन महिन्यांत वाचकांचीं तीन पत्रें आलीं. तिहींतील विषय जवळजवळ एकच. परसांत कमळांसाठीं लहानसें तळें करावयाचें आहे. तें किती लांबरुंद असावें, चिरे लावावे कीं नुसतें सिमेंट करावें, तळाशीं प्लास्टिकचा कागद घालावा किंवा कसें, मासे कोणते सोडावे, इत्यादि. प्रश्न योग्यच आहेत. परंतु एक प्रश्न तिन्ही पत्रांत कोणींच विचारलेला नाहीं. तळें भरल्यावर वरचें पाणी जाणार कोठें? हा प्रश्न एके काळीं मींही विचारला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्याहून अधिक माझ्या शेजाऱ्यांना द्यावी लागली. म्हणून या खेपेस तळ्याच्या शोभेविषयीं थोडें आणि त्याच्या सांडव्याविषयीं अधिक लिहीत आहें.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील उतारावरच्या एका गांवीं आहे. वरच्या अंगाला आमचें परस, खालच्या अंगाला माझे वडील चुलतबंधु आप्पा यांचें घर, आणि मधोमध आजोबांच्या वेळचा जांभ्या चिऱ्यांचा गडगा. शाळेंतून निवृत्त होऊन मी गांवीं राहावयास आलों तेव्हां नातवंडांनीं कमळांचा हट्ट धरला. गौरी-गणपतीला घरचीं कमळें असावींत, अशी सुनेचीही इच्छा. विहीर, तलाव, बाग यांची गणना आपल्या शास्त्रकारांनीं पूर्तकर्मांत केली आहे, हें मला पाठ होतेंच. तेव्हां शोभेबरोबर पुण्यही पदरीं पडेल अशा हिशेबानें सन २०१९ च्या मे महिन्यांत तळें खणून घेतलें. १५ फूट लांब, १० फूट रुंद, अडीच फूट खोल. कडेनें चिरे, आंतून सिमेंटचा गिलावा. तें लौकर भरावें म्हणून मागल्या छपराची पन्हळ त्यांत सोडली. गवंडी म्हणाला, "मास्तर, जादा पाण्याला वाट कोठून काढूं?" मीं सांगितलें, "जांभ्याची जमीन आहे, ती पिऊन टाकील."

जांभ्याची जमीन पाणी पिते हें खरें. पण आषाढांत तिची तहान भागलेली असते. पहिले दोन पावसाळे निर्धास्त गेले असें आम्हांस वाटलें. वस्तुतः तळ्याचा कांठ आप्पांच्या बाजूला दोन बोटें खालीं राहिला होता. भरल्या तळ्याचें पाणी तेथूनच निसटून गडग्याच्या पायथ्याशीं मुरत होतें आणि पायाखालची माती हळूहळू नेत होतें. पाण्याला आपण वाट दिली नाहीं तर तें वाट शोधल्यावांचून राहत नाहीं. आणि तें शोधतें ती वाट आपल्या सोयीची क्वचितच असते.

सन २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस चिपळूण शहर पुरांत बुडालें, तें अनेक वाचकांस स्मरत असेल. त्याच पावसांत आमच्या गांवीं रात्रीं गडग्याचा बारा फुटांचा तुकडा कोसळला. पाणी व चिखल आप्पांच्या पडवींत शिरला. दोन कणग्यांतील भात भिजलें. वहिनींनीं वर्षाच्या बेगमीचीं करून ठेवलेलीं आमसुलें वाहून गेलीं. सकाळीं आप्पा पायरीशीं येऊन उभे राहिले आणि एवढेंच म्हणाले, "अरे भाऊ, तुझें तळें रात्रीं आमच्या पडवींत येऊन बसलें आहे. त्याला घेऊन जा."

त्या वेळीं मीं हात जोडावयास हवे होते. त्याऐवजीं मीं त्यांना कायदा सांगितला. सन १८८२ च्या ईझमेंटच्या, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणें वरच्या जमिनीवर पडलेलें पाणी खालच्या जमीनमालकानें वाहूं दिलें पाहिजे, असें मी म्हणालों. आप्पा कांहीं न बोलतां परत गेले. नंतर मीं तें कलम पुन्हा वाचलें. त्यांत पाणी 'स्वाभाविकपणें' वाहण्याची गोष्ट आहे. छपराचें पाणी पन्हळींत गोळा करून, तळ्यांत कोंडून, एका जागीं लोटणें याला स्वाभाविक कोण म्हणेल? पस्तीस वर्षें मुलांना क्रियाविशेषणाचें महत्त्व शिकविणाऱ्या मास्तरानें नेमकें क्रियाविशेषणच गाळलें होतें!

भाताचे पैसे मीं पाठविले; ते परत आले. त्या वर्षींच्या नागपंचमीला पातोळ्यांसाठीं त्यांच्याकडून येणारीं हळदीचीं पानें आलीं नाहींत. दुसऱ्या वर्षींही आलीं नाहींत.

त्या दोन वर्षांत मीं जें गणित केलें तें तळें खणण्यापूर्वीं करावयाचें होतें. तें वाचकांपुढें ठेवतों. त्यास तिसरीच्या वर्गापलीकडचें ज्ञान लागत नाहीं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. माझें छप्पर व तळें मिळून सुमारें १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. हवामान खातें २०४ मिलीमीटरांहून अधिक पावसाला अतिवृष्टीची वरची पायरी मानतें, आणि कोंकणांत असा दिवस नवलाचा नव्हे. तेवढ्या पावसाचें माझ्या तळ्यांत येणारें पाणी १९,००० लिटर. सबंध तळें मात्र १०,६०० लिटरांचें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. तसा पडला तर आठ तळीं भरतील!

कोणी म्हणेल, कांठ सहा इंच उंच ठेवूं म्हणजे झालें. त्या सहा इंचांत २,१०० लिटर मावतें, आणि तेवढें पाणी तेवीस मिलीमीटर पावसांत येतें. म्हणजे आषाढांतल्या एका चांगल्या सरींत कांठ संपला. तात्पर्य, पाऊस सांठविणें हा उपाय नव्हे; त्याला वाट देणें हाच उपाय.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. गिरनारच्या पायथ्याशीं महाक्षत्रप रुद्रदामन् याचा इ. स. १५० चा संस्कृत शिलालेख आहे. त्यांत सुदर्शन नांवाच्या तलावाची हकीकत आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं तो बांधला, अशोकाच्या काळीं त्याला कालवे काढले. तलावाच्या वर्णनांत प्रणाली म्हणजे पाणी नेण्याच्या वाटा, आणि परीवाह म्हणजे सांडवा, हे शब्द स्पष्ट आले आहेत. तरीही वादळी पावसांत बांधाला ४२० हात लांबीचें खिंडार पडलें आणि तें बुजविण्यास मोठा खर्च झाला. पुढें पांचव्या शतकांत, स्कंदगुप्ताच्या काळीं, तोच तलाव पुन्हा फुटला. सांडवा असूनही सावध राहावें लागतें. मग ज्याला सांडवाच नाहीं त्याची काय कथा!

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

तळें घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर असावें, आणि शौचकूपाच्या शोषखड्ड्यापासून त्याहूनही दूर. उतारावर खालच्या बाजूला मातीचा बांध घालून तळें करूं नये. मातीवरून पाणी एकदां वाहूं लागलें कीं घटकेंत बांध चिरतो. जमीन खणून केलेलें तळें अधिक सुरक्षित.

कांठ सर्वत्र एका पातळींत आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन गवंड्याकडून पाणसळ तपासून घ्यावी. मग आपण निवडलेल्या एकाच जागीं कांठ चार इंच खालीं ठेवावा. हाच सांडवा. माझ्याएवढ्या छपराला तासांत १०० मिलीमीटर अशी भयंकर सर आली तरी सेकंदाला अडीच लिटरांच्या आसपास पाणी येतें. एक फूट रुंदीच्या सांडव्यावरून दोन इंच जाडीचा प्रवाह याच्या दुप्पट पाणी सहज नेतो. सांडवा उघडा असावा, नळीचा नसावा. नळीचें तोंड फणसाच्या चार पानांनीं बंद होतें, आणि तें नेमकें मध्यरात्रीं होतें.

सांडव्यावर मोठ्या भोंकांची जाळी तिरपी बसवावी, म्हणजे पालापाचोळा वर सरकतो. जेथें पाणी खालीं पडतें तेथें धोंडे रचून घ्यावे. नाहींतर पाणी तेथें खड्डा करून मागें मागें खात येतें. पुढें दगडी पाट काढून तें केळीं-पोफळींच्या आळ्यांतून नैसर्गिक वहाळास मिळवावें. विहिरींत सोडूं नये, गढूळ होते. आणि शेजाऱ्याच्या कुंपणाशीं आणून सोडणें म्हणजे काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र शेवटीं सांगतों. पन्हळीच्या नळाला एक फिरता तुकडा बसवावा. तळें भरलें कीं तो फिरवून छपराचें पाणी थेट पाटांत जाऊं द्यावें. मग तळ्यावर पडेल तेवढेंच पाणी तळ्यांत. आमच्याकडे हें काम थोरल्या नातीकडे आहे आणि ती तें विसरत नाहीं.

डांसांसाठीं मासे अवश्य हवेत. पण गप्पी व गँबुसिया हे परदेशचे पाहुणे आहेत. सांडव्यावरून ते वहाळांत गेले तर तेथल्या मूळच्या लहान माशांना त्रास होतो. जवळच्या ओढ्यांतील लहान मासे मिळाल्यास तेच बरे. जलपर्णी कितीही सुंदर दिसली तरी तळ्यांत घालूं नये. आणि ज्या घरीं रांगतें मूल आहे त्या घरीं कुंपणावांचून तळें नको. लहान मुलाला वीतभर पाणीही घातक होतें.

हें सगळें कागदावर मांडून झालें तेव्हां एक अडचण ध्यानांत आली. आमच्या परसांतून वहाळाकडे जाणारा उतार आप्पांच्या आगरांतूनच जातो; दुसरी वाट नाहीं. म्हणजे पाण्याला वाट हवी तर मला त्यांच्या दारीं जावें लागणार. सन २०२३ च्या वैशाखांत मी गेलों. कायद्याचें नांव काढलें नाहीं. चूक माझी झाली एवढें सांगितलें आणि नकाशा पुढें ठेवला.

आप्पांनीं चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. म्हणाले, "पाट इकडून नको, पोफळींच्या दुसऱ्या रांगेंतून ने. तेथें मार्गशीर्षापर्यंत ओल राहील. आणि गडगा दोघांनीं मिळून बांधूं." वहिनींनीं आंतून चहा पाठविला. त्या वर्षींच्या नागपंचमीला हळदीचीं पानें आलीं, आणि गौरीला पांच कमळें आमच्याकडून तिकडे गेलीं.

भरल्या तलावाला जसा परीवाह तसा शोकानें भरलेल्या हृदयाला विलाप, अशी तुलना भवभूतीनें उत्तररामचरितांत केली आहे. वर्गांत ती मीं किती वेळां समजावून दिली असेल! भाऊबंदांतील रागालाही तीच गोष्ट लागू आहे, हें कळावयास मात्र गडगा पडावा लागला.

असो. ज्यांनीं पत्रें पाठविलीं त्यांना माझी एकच विनंति. तळें पुढल्या उन्हाळ्यांत खणा. यंदाच्या पावसांत फक्त छत्री घेऊन, सर जोरांत असतांना, परसांत अर्धा तास उभे राहा आणि पाणी कोठून येतें व कोठें जातें तें पाहून ठेवा. तें शेजाऱ्यांकडे जात असेल तर खणण्यापूर्वींच त्यांच्या ओटीवर जाऊन बसा.