अखेरच्या दहा सेकंदांचा न्याय

गेल्या महिन्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस मुक्कामास होतों. घर मोठें, आजी, मुलगे, सुना व नातवंडें मिळून चौदा माणसें एका पंक्तीस बसणारीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर थोरला नातू दिवाणखान्यांत युरोपांतील सायकलशर्यतींचीं जुनीं चित्रणें सर्वांस दाखवीत होता. एका चित्रणांत दोन स्वार अंतिम रेषेकडे झेपावत होते. क्षणार्धांत त्यांतील एक कठड्यावर आदळून दिसेनासा झाला. नातू म्हणाला, "आजी, हा जो पुढें होता ना, त्याला पंचांनीं बाद केलें, आणि जो रक्तबंबाळ होऊन पडला त्याला विजयी ठरविलें." आजींनीं हातांतील वाती बाजूस ठेवल्या आणि विचारलें, "अरे, पण तो पडला नसता, तर ह्याला बाद केलें असतें का?" नातू निरुत्तर झाला. आम्हांसहि चटकन् उत्तर सुचलें नाहीं. तो प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे, आणि आज वाचकांपुढें तोच मांडावा असें वाटतें.

ह्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या नसतील त्यांच्यासाठीं प्रथम चार शब्द सांगणें अवश्य आहे. फ्रान्सची सायकल-प्रदक्षिणा, म्हणजे 'तूर द फ्रान्स', सन १९०३ मध्यें सुरू झाली. आज ती तीन आठवडे चालते व तिचे एकवीस टप्पे असतात. सपाट प्रदेशांतील टप्प्यांत दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत बहुतेक स्वार एका घोळक्यानें जातात. ह्याचें कारण वारा. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून जो पुढें असतो तो वाऱ्याशीं झुंजतो, आणि जो त्याच्या मागील चाकास चिकटून राहतो त्याचे श्रम पुष्कळ वांचतात. संघांतील सर्वांत वेगवान गड्यास त्याचे सोबती शेवटपर्यंत असें आडोशास ठेवतात. एकेक सोबती आपलें सारें बळ खर्चून बाजूस होतो, आणि रेषा सुमारें दोनशे मीटरांवर आली म्हणजे तो गडी आडोशाबाहेर पडून अखेरची झेप घेतो. ह्या झेपेस तिकडे 'स्प्रिंट' म्हणतात. वेग ताशीं ७२ किलोमीटर धरला तर सेकंदास २० मीटर होतात, आणि दोनशे मीटरांचा निकाल दहा सेकंदांत लागतो. चार-पांच तासांच्या श्रमांचें सोनें होणार कीं माती, हें त्या दहा सेकंदांत ठरतें.

मैदानावरील थोड्या अंतराच्या धांवण्याच्या शर्यतींत प्रत्येकास आंखून दिलेली वाट असते. सायकलस्वारास तशी वाट नसते. रस्ता रोजच्या रहदारीचा, आणि दोहों बाजूंस प्रेक्षकांना आवरण्यासाठीं उभे केलेले कठडे. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा नियम असा आहे कीं, झेप घेतांना स्वारानें जी वाट धरली असेल ती सोडून, इतरांस धोका होईल अशा रीतीनें आडवें जाऊं नये. नियम वाचावयास सोपा आहे. परंतु ही वाट रस्त्यावर कोठेंच दिसत नाहीं. पंचांना ती मनानें आंखावी लागते. जीव तोडून पायटे मारणाऱ्याची सायकल डावी-उजवीकडे थोडीफार झुलणारच. शिवाय मागच्यास पुढें येण्यास जागा मिळूं नये म्हणून हळूहळू कठड्याकडे सरकत जाणें ही ह्या खेळांतील जुनी युक्ति आहे. मधली फट पुरेशी रुंद असेपर्यंत तिला युक्ति म्हणतात. फट बुजली कीं तोच अपराध ठरतो. दोहोंमधील अंतर वीतभर असतें, आणि तें मोजावयाचें तें ह्या वेगांत.

आजींनीं पाहिलेलें चित्रण पोलंडांतील काटोवित्से शहराचें होतें. दिनांक ५ ऑगस्ट २०२०; पोलंड-प्रदक्षिणेचा पहिला टप्पा. शेवटचा रस्ता उताराचा, त्यामुळें वेग ताशीं ८० किलोमीटरांच्या आसपास गेला होता. डिलन ग्रुनेवेगन हा डच स्वार पुढें होता. त्याचाच देशबंधु, २३ वर्षांचा फाबिओ याकोबसन, त्याच्या व कठड्याच्या मधून पुढें येऊं लागला. ग्रुनेवेगन त्याच बाजूस सरकत गेला, दोघांचा संघर्ष झाला, आणि याकोबसन कठड्यांवर जाऊन आदळला. कठडे निखळून उडाले. डॉक्टरांनीं याकोबसनला औषधें देऊन बेशुद्धावस्थेंत ठेवलें. त्याच्या चेहऱ्यास १३० टांके घालावे लागले, आणि तोंडांत एकच दांत शिल्लक राहिला. ग्रुनेवेगन स्वतःहि पडला व त्याचें गळ्याजवळचें हाड मोडलें. त्यानें आपली चूक कबूल केली व क्षमा मागितली. महासंघानें त्यास नऊ महिने शर्यतींतून दूर ठेवलें; ती मुदत ७ मे २०२१ रोजीं संपली. मधल्या काळांत त्याला व त्याच्या घरच्यांना जिवें मारण्याच्या धमक्या आल्या, आणि घरावर पोलिसांचा पहारा बसवावा लागला.

आतां आजींचा प्रश्न घ्या. वाट सोडणारा स्वार ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. कोणी पडलें नाहीं तर पंच बहुधा कानाडोळा करतात. फार झालें तर त्यास त्या दिवसाच्या गटांत शेवटच्या क्रमांकावर ढकलतात, थोडा दंड करतात, आणि प्रकरण मिटतें. कृति तीच, वेग तोच, कठडाहि तसाच. परंतु एकास किरकोळ दंड आणि दुसऱ्यास नऊ महिन्यांचा वनवास. भेद पडला तो दुसऱ्याच्या शरीराला काय झालें ह्यानें. घरोघरीं आपणहि हेंच करतों. माजघरांत दोन मुलें धांवतात. एकाचा धक्का लागून दुधाचें पातेलें उलटतें. मार खातो तो एकटा. दुसरा तितक्याच जोरानें धांवत होता. पण त्याच्या वाटेंत पातेलें नव्हतें, म्हणून तो शहाणा ठरतो, आणि उद्यां पुन्हां धांवतो.

ह्यावर कोणी म्हणतील कीं, परिणामाकडे डोळेझांक करणारा न्याय निर्दय होय. जो तरुण मरणाच्या दारांतून परत आला त्याच्या आईबापांनीं कोणाकडे पाहावें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परिणाम भयंकर असेल तर दंडहि जड असावा, ह्यांत गैर कांहीं नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, परिणाम घडला नाहीं म्हणून कृति निर्दोष ठरत नाहीं. आणि शंभर वेळां निर्दोष ठरलेल्या कृतीस एकशें एकाव्या वेळीं अकस्मात् महापाप म्हणणें ह्यांत न्यायापेक्षां घाबरेपणाच अधिक असतो.

आजींनीं दुसराहि एक प्रश्न विचारला होता: "आणि उतारावर शेवट ठेवावा हें कोणाला सुचलें?" घर चालविलेल्या बाईस जें सहज दिसलें तें त्या शर्यतीच्या चालकांस दिसलें नाहीं. त्या उताराच्या रस्त्याविषयीं स्वारांनीं पूर्वींच नापसंती दाखविली होती. कठडा असा असावयास हवा कीं आदळणारा त्यावरून घसरत जाईल. तेथील कठडे सुटून फेंकले गेले. दंड मात्र एकट्या स्वारास झाला. दोष स्वाराचा मुळींच नसतो असेंहि कधीं कधीं घडतें. सन १९९४ च्या फ्रान्स-प्रदक्षिणेंत अर्मांतिएर येथें बंदोबस्तावरील एक पोलीस छायाचित्र घेण्यासाठीं कठड्याच्या आंतल्या बाजूस उभा राहिला. विल्फ्रीड नेलिसेन मान खालीं घालून त्यावर आदळला, आणि लोराँ जालाबेरहि त्या अपघातांत सांपडून चेहऱ्यास जबर इजा घेऊन परतला. दोघांचीहि ती शर्यत पहिल्याच टप्प्यावर संपली. तेथें वाट सोडणारा कोणता स्वार शोधावयाचा?

घाईनें दिलेल्या न्यायाचें उदाहरण ४ जुलै २०१७ चें आहे. फ्रान्समधील व्हितेल येथें चौथा टप्पा संपत होता. जगज्जेता पीटर सागान ह्याच्या व कठड्याच्या मधून ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश पुढें येऊं पाहत होता. सागानचें कोपर बाहेर आलेलें दिसलें, कॅव्हेंडिश पडला आणि त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. पंचांनीं प्रथम सागानला ११५ व्या क्रमांकावर टाकून गुण व वेळ ह्यांचा दंड केला. पुढें त्याच दिवशीं तो निर्णय फिरवून त्यास शर्यतींतूनच काढलें. कोपर धक्का देण्यासाठीं बाहेर आलें कीं तोल सांवरण्यासाठीं, ह्यावर मोठा वाद झाला. सागाननें क्रीडा-लवादाकडे दाद मागितली. त्याच वर्षीं डिसेंबरांत तडजोड झाली, आणि चित्रणें पुन्हां तपासल्यावर तो प्रसंग दुर्दैवी व अहेतुक होता असें महासंघानें मान्य केलें. परंतु सलग पांच वर्षें गुणांचा हिरवा सदरा जिंकणाऱ्या त्या गड्याचे उरलेले सतरा टप्पे त्यास कोण परत देणार? ह्या प्रकरणापासून एक चांगलें निष्पन्न झालें: सन २०१८ पासून मोठ्या शर्यतींत केवळ चित्रणें पाहण्यासाठीं स्वतंत्र पंच नेमण्यांत येऊं लागला.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. परिणामाकडे न पाहतां केवळ कृतीस शिक्षा करावयाची म्हटली तर विवेक सुटण्याचा धोका असतो. १ एप्रिल २०२१ पासून महासंघानें कांहीं कडक नियम अंमलांत आणले. सायकलच्या दांडीवर बसून अंग दुमडून उतार उतरणें बंद झालें, तें ठीकच होतें. ठरलेल्या जागेखेरीज पाण्याची बाटली टाकणेंहि बंद झालें. तीनच दिवसांनीं फ्लँडर्सच्या शर्यतींत स्वित्झर्लंडच्या मिखाएल शेर ह्यानें रिकामी बाटली रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडे टाकली, आणि त्यास तत्काळ बाहेर काढण्यांत आलें. लहानपणीं आपणांस अशीच एक बाटली मिळाली होती व त्या आनंदानेंच आपण ह्या खेळाकडे वळलों, असें त्यानें मागाहून लिहिलें. लोक हळहळले, आणि महासंघानें ती शिक्षा सौम्य केली. लहान अपराधास मोठा दंड ठेवला कीं पंचांचा हात अडखळतो, आणि हात अडखळला कीं नियम कागदावरच राहतो.

म्हणून सन २०२५ पासून जी पिवळ्या कार्डांची पद्धत पूर्णपणें लागू झाली, ती आम्हांस शहाणपणाची वाटते. धोकादायक कृति दिसली कीं, कोणी पडो वा न पडो, पंच कार्ड देतात. एका कार्डानें स्वाराचें फारसें बिघडत नाहीं. एकाच शर्यतींत दोन मिळालीं तर मात्र तो त्या शर्यतींतून जातो व सात दिवस बाहेर बसतो. तीस दिवसांत तीन झालीं तर चौदा दिवस, आणि वर्षांत सहा झालीं तर तीस दिवस. हें कार्ड केवळ स्वारांसाठीं नाहीं; संघाचे चालक व शर्यतीबरोबर मोटारी हांकणारे ह्यांनाहि तें मिळूं शकतें. दंड लहान, पण वेळींच आणि सर्वांस सारखा. ज्याला पहिल्या सरकण्यालाच कार्ड मिळालें तो दुसऱ्यांदां कठड्याकडे वळतांना विचार करील. आणि तो विचार एखाद्याचा प्राण वांचवील. आजींच्या प्रश्नाला इतक्या वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर आहे. अर्थात् उताराचा रस्ता निवडणाऱ्यांना वेळींच अडविणेंहि तितकेंच अगत्याचें आहे, आणि तें काम अद्यापि पुरें झालेलें नाहीं.

त्या दोन डच स्वारांचें पुढें काय झालें, हें आजींनीं झोंपण्यापूर्वीं आवर्जून विचारलें. याकोबसन सन २०२१ च्या एप्रिलांत पुन्हां सायकलवर बसून शर्यतीस उतरला, आणि त्याच वर्षीं स्पेनच्या प्रदक्षिणेंत त्यानें तीन टप्पे व हिरवा सदरा जिंकला. सन २०२२ ची फ्रान्स-प्रदक्षिणा डेन्मार्कमधून निघाली. २ जुलै रोजीं न्यूबोर्ग येथें याकोबसन पहिला आला. दुसऱ्याच दिवशीं सोंडरबोर्ग येथें ग्रुनेवेगन पहिला आला. हें ऐकून आजी कांहीं बोलल्या नाहींत. फक्त त्यांनीं "बरें झालें" म्हणून वातींचें तबक उचललें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघे धाकटे नातू माजघरांतून शर्यत लावीत धांवत गेले. चुलीजवळच्या ओट्यावर दुधाचें पातेलें होतें, तें जरासुद्धां हललें नाहीं. आजींनीं दोघांनाहि हांक मारून समोर बसविलें आणि प्रत्येकापुढें तांदुळांचें एक सूप ठेवलें. "आजी, कांहीं सांडलें नाहीं गं!" धाकटा रडकुंडीस येऊन म्हणाला. "म्हणूनच सूपभर," आजी म्हणाल्या, "सांडलें असतें तर पोतंभर निवडावे लागले असते. बसा."