नायलॉनच्या दोरीचे स्नायू

मासे पकडण्याच्या गळाची नायलॉनची दोरी तुम्ही पाहिलीच असेल. वजन टांगून तिला पीळ देत गेले, की शेवटी तिची वेटोळी होतात. वजन फिरू न देता ती तापवली की आखडते, निवली की पुन्हा लांबते. असे का व्हावे? हा बहुवारिकाचा धागा उष्णतेने जाडीत फुगतो, पण लांबीत आखूड होतो. त्यामुळे पीळ उलगडू पाहतो आणि वेटोळी जवळ येतात. २०१४ साली अमेरिकेतील रे बॉगमन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की असा 'स्नायू' तेवढ्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट ओझे उचलतो.

मग कृत्रिम हात तयारच झाला म्हणायचा? छे! दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का कार्यात उतरते. आपल्या स्नायूंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असते. २००५ साली सॅन दिएगो येथे बहुवारिकांच्या स्नायूंवर चालणाऱ्या तीन यंत्रहातांशी एका १७ वर्षांच्या शाळकरी मुलीने पंजा लढवला आणि तिन्ही हात पाडले!

म्हणून माझे मत असे, की 'शंभरपट' या शब्दाने हुरळून जाऊ नये. किती ऊर्जेत, किती वेगाने, हेही विचारावे. हात गमावलेल्या माणसाला हत्तीचे बळ नको असते. चहाचा कप अलगद धरता यावा, एवढेच हवे असते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोरी, वजन, गरम पाणी, फूटपट्टी पुरे. कार्य किती झाले, ते मात्र विद्यार्थ्यांनीच मोजावे.