यंत्र विकत घ्यावे की काम बाहेरून करून घ्यावे?

अकोल्याच्या एका निवृत्त वाचकबंधूंचे पत्र आले आहे. घरामागील शेडमध्ये त्यांचे लेथ व ड्रिल मशीन आहे. आता निवृत्तीच्या ठेवीतून जुना सरफेस ग्राइंडर घ्यावा, असा चिरंजीवांचा आग्रह आहे. प्रश्न यंत्राचा दिसतो. पणाला मात्र वृद्धापकाळाची पुंजी लागली आहे.

या यंत्रात लोखंडी वस्तू चुंबकी चकवर घट्ट बसते, टेबल मागेपुढे सरकते आणि वर फिरणारा दगड प्रत्येक फेरीत काही मायक्रॉन धातू घासून काढतो. पितळ वा अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला धरत नाही. त्यासाठी वेगळा शिकंजा लागतो.

प्रथम कामाचा विचार करू. चिरंजीवांची भिस्त जिनिंगच्या सुऱ्या घासून देण्यावर आहे. वऱ्हाडात कापसाच्या हंगामात असे काम निघते, हे खरे. परंतु डबल रोलर जिनची सुरी मीटरभर किंवा त्याहूनही लांब असते आणि पाहून ठेवलेल्या यंत्राचे टेबल आहे १८ इंचांचे. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचे, तेच काम त्यावर बसत नाही!

दुसरा विचार अचूकतेचा. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. अकोल्याच्या मे महिन्यात शेडचा पारा ४५ अंशांवर गेला, तर १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा सुमारे २९ मायक्रॉनने वाढतो. वस्तू व मापनसाधन एकाच तापमानाला आणण्याची शिस्त नसेल, तर महागडी अचूकता कागदावरच राहते.

आता हिशेब. चक, वाहतूक व वीजजोडणीसह खर्च २ लाख रुपये धरू. ८ टक्क्यांनी बुडणारे व्याज १६,००० रुपये, १५ टक्के घसारा ३०,००० रुपये आणि वीज, दगड व देखभाल १४,००० रुपये. म्हणजे वर्षाला ६०,००० व महिन्याला ५,००० रुपये. बाहेरचा दर तासाला २५० रुपये मानला, तर महिन्याला २० तास काम असल्यावर कुठे बरोबरी होते. त्यात चिरंजीवांच्या श्रमाचे मोल धरलेलेच नाही. पत्रावरून त्यांची आजची गरज चार तासांची दिसते. ते काम एमआयडीसीत १,००० रुपयांत होईल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तूर्त यंत्र घेऊ नये. सहा महिने वही ठेवावी. किती तासांचे काम आले, किती परत पाठवावे लागले आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, हे तीत लिहावे. तास वीसच्या पुढे गेले, तर चिरंजीवांनी स्वतःच्या नावे मुद्रा कर्जासाठी अर्ज करावा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत तारण लागत नाही. मात्र कर्ज उत्पन्न देणाऱ्या व्यवसायासाठीच असते, हौसेसाठी नव्हे. बँकेपुढे तीच वही त्यांची बाजू मांडेल आणि वडिलांची ठेव मोडावी लागणार नाही.