ईदसाठी चाँद-ताऱ्याची उशी

भगिनींनो, ईदचे कपडे शिवून उरलेले तुकडे टाकू नका. ९ इंची सुती चौकोनावर रंगीत चाँद-तारा लावा. कापताना कडेला पाव इंच कापड जास्त ठेवा, वळणावर बारीक काप द्या, कडा आत दुमडून तुरपाई करा. मग दुसरा चौकोन जोडून पिंजलेला कापूस भरा. नांदेडकडे कापसाला काय तोटा? ‘नांदेड-४४’ वाण तर नांदेडच्याच संशोधन केंद्रातले.

उशीवर आयत किंवा अल्लाहचे नाव मात्र शिवू नका; उशी पाठीखाली जाते, पायाशीही येते. बेअदबी नको.

आणि दोन शिवा. दुसरी, जिच्या घरी यंदा नवे कपडे शिवले गेले नाहीत तिला, शीरखुर्म्याबरोबर, गाजावाजा न करता द्या.